दीड वीट खाली

पुंडलिक मिस्त्रीने आयुष्यात एकही गाडी समोरून पाहिली नसावी, असं मला नेहमी वाटत आलंय. त्याचं सगळं पाहणं खालून. रस्त्यावर मोटार थांबली की चारचौघं तिचा रंग बघतात, काचा बघतात, आत कोण बसलंय ते बघतात. हा तिथल्या तिथे उकिडवा बसायचा, मान वाकडी करून चाकांच्या मागे डोळे लावायचा आणि पाटे बघायचा. मोटारीच्या आसावर, एकावर एक रचून बांधलेल्या लवचिक पोलादी पट्ट्या असतात, त्यांना आमच्याकडे पाटे म्हणतात. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर आणि मिस्त्रीचा सगळा जीवही त्यांच्यावर.

माणसंही तो तशीच ओळखायचा. मी एखाद्या कंत्राटदाराचं नाव घेतलं की कपाळाला आठ्या घालायचा आणि एकदम म्हणायचा, "हाव, तो! उजव्या अंगाले बसलेल्या जीपचा मालक. चेहरा नाई आठवत बा."

दुसरबीडला गावाबाहेर, मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली त्याचं दुकान होतं. अर्धं लोहाराचं, अर्धं मोटारीचं. एका बाजूला वखराच्या पासा आणि नांगराचे फाळ, दुसऱ्या बाजूला ट्रकचे मोडके पाटे. मूळचा तो जळगाव जामोदचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. सासऱ्याला मुलगा नव्हता म्हणून इकडे येऊन राहिलेला. त्याच्या 'मले-तुले'ची दुसरबीडची मंडळी टिंगल करायची, कारण इकडची बोली जालन्याच्या अंगाने जाणारी. तो चिडायचा नाही. "लोखंडाले समदी बोली समजते," म्हणायचा आणि घण उचलायचा.

नवीन राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. मोटार चालवता येणारा दवाखान्यात मी एकटाच, त्यामुळे बाटल्या भरणं आणि स्टेअरिंग फिरवणं, दोन्ही माझ्याच गळ्यात. मिस्त्री मला 'कंपोंडर' म्हणायचा. माझं नाव त्याला कधी कळलं असेल, याची मला आजही खात्री नाही.

आपल्या चुकांचा मात्र त्याला अभिमान होता म्हटलं तरी चालेल. मी नवीन असताना त्याने मला पहिली गोष्ट सांगितली ती स्वतःच्या फजितीची. गावातल्या एका पाटलाने वडिलांसाठी दमणीला, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाडीला, मोटारीसारखे पाटे बसवून मागितले. याने हौसेने मऊसूत, पातळ पाटे बसवले. दमणी अशी डुलायला लागली की दोन मैलांवरच्या शेतात पोचेपर्यंत म्हाताऱ्याला तीनदा उलटी झाली. म्हातारा उतरला तो काठी उगारूनच.

"पाळन्यात बसवलं म्या बुढ्याले," मिस्त्री पोट धरून हसत सांगायचा. "तवा समजलं कंपोंडर, मऊ म्हंजे चांगलं नाई. गाडी दबली पाह्यजे, पन दबून जाग्यावर येऊन गुमान उभी राह्यली पाह्यजे."

आता बाईंविषयी सांगायला हवं. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई नागपूरच्या. लहानपणी डावा पाय लुळा पडलेला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, काखेत कुबडी. पाय गुडघ्यात वाकायचा नाही. पण बाळंतपणात त्यांचा हात असा की सुलतानपूर-बिबीपासूनच्या बाया "आपल्या बाईकडंच जायचं" म्हणून हटून बसायच्या. खेड्यांत जायला गाडी हवी म्हणून बाईंनी स्वतःच एक जुनी विलायती मोटार विकत घेतली. सातपुड्याकडच्या कुणा जंगल कंत्राटदाराची. त्याने नाल्यातले दगडधोंडे ओलांडायला ती उंच करून घेतलेली. चारी चाकांवर पाट्यांचा बाक इतका चढवलेला की गाडी टाचा उंचावून उभी आहे असं वाटायचं.

बाईंना त्या गाडीत बसता येईना. पायरीचा उपयोग नव्हता, कारण पाय वाकत नसल्यामुळे त्यांना आधी सीटवर टेकावं लागे आणि मग हाताने पाय उचलून आत घ्यावा लागे. सीट कापून खाली घ्यावी तर तिच्याखाली चौकटीचा आडवा दांडा. मग आमची आया सोनाबाई त्यांना मागून उचलायची आणि मी पुढून कुबडी धरायचो. प्रत्येक गावात हा तमाशा. पोरं जमायची. एकदा बिबीला सोनाबाईचा पाय घसरला आणि दोघीही चिखलात बसल्या. परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या, "मला दोघांनी उचलून बसवायचं, आणि मी उतरून त्या बाळंतिणीला म्हणायचं, घाबरू नकोस, सगळं ठीक होईल. तिने कशावर विश्वास ठेवायचा?"

मला गाडी चालवता चालवता रडू आलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्यांनी गाडी जालन्याला पाठवली. तिथल्या एका कारखान्यात एक हुशार माणूस भेटला. त्याने तासाभरात प्रत्येक चाकाचे दोन-दोन पाटे काढून डिकीत टाकले आणि गाडी खाली आणून दिली. बाई पहिल्यांदा स्वतःच्या स्वतः सीटवर बसल्या. आम्ही खूश. चौथ्या दिवशी सुलतानपूरहून अडलेली बाई आणायची होती. सखू तिचं नाव, पहिलटकरीण. मागच्या सीटवर तिला निजवलं, शेजारी सोनाबाई, आणि निघालो.

रस्ता तेव्हा खडी-मुरमाचा. पाटे कमी झालेले, माणसं चार. प्रत्येक खड्ड्यात आस वरच्या चौकटीवर धाडकन आपटायचा आणि मागून किंकाळी यायची. मी बैलाच्या चालीने गाडी चालवली तरी तेच. दवाखान्यात पोचलो, बाळ-बाळंतीण वाचली, देवाची कृपा आणि बाईंचा हात. दुसऱ्या दिवशी बाई तपासायला गेल्या तेव्हा सखू क्षीण हसून म्हणाली, "बाई, राग येऊ देऊ नका, पर बैलगाडीच बरी होती."

बाईंनी ते मनावर घेतलं. गाडी झाकून ठेवली. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यातून त्यांना बोलावणं आलेलं होतं आणि महिनाअखेर कळवायचं होतं. तिथे खेड्यांत हिंडायचं नव्हतं, गाडीची गरजच नव्हती. "माझ्याच्याने इथलं होणार नाही," त्या मला म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना न विचारता गाडी मिस्त्रीच्या कडुनिंबाखाली नेऊन उभी केली.

मिस्त्री पाठीवर झोपून गाडीखाली शिरला. मी वाकून बघतो तर तो पाट्यावरून बोट फिरवत होता.

"कंपोंडर, ही गाडी कोठची?"

मी सांगितलं.

"हे घाव माह्या बापाच्या दुकानातले हायेत," तो खालूनच म्हणाला. "जयगाव जामोदले होतो तवा. बाप ऐरणीवर पाटा धरे, घन म्या मारो. आमीच चढवली बे ही." मग बाहेर आला, अंगावरची माती न झटकता उभा राहिला. "चढवली तं उतरवाले बी आमीच पाह्यजे."

त्याने गाडीचं माप घेतलं नाही. बाईंना घेऊन ये म्हणाला. बाई आल्या त्या नाराजीनेच. मिस्त्रीने दुकानामागच्या विटा आणून एक ढीग रचला, वर गोणपाटाची घडी टाकली आणि हात जोडले. "बाई, बसा."

बाई बसल्या. याने त्यांना उठवून एक वीट वाढवली. पुन्हा बसा. पुन्हा एक वीट. सात विटांपर्यंत बाई आरामात टेकत होत्या. आठव्या विटेला त्यांची कुबडी थरथरली. मिस्त्रीने ते बघितलं आणि लगेच ती वीट काढून अर्धी ठेवली. साडेसातवर त्या पुन्हा आरामात टेकल्या. मग गाडीची सीट किती विटांवर येते ते मोजलं. जालन्याला काढलेले पाटे परत बसवले तर नऊ.

"दीड वीट," तो म्हणाला. "दीड वीट खाली घ्याची. पाटे समदे ठेवून."

"पाटे तेवढेच ठेवून गाडी खाली कशी येईल?" बाईंनी विचारलं. मुळात चौकस बाई.

"बाई, जालन्यावाल्यानं वझं उचलनारे हातच तोडले. हात तोडाचे नाई, फकस्त वाकवाचे. पाट्याचा बाक जास्त हाय, तो कमी कराचा. पाटे तेवढेच राह्यले तं ताकद तेवढीच राह्यते." मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "महिनाअखेरचं ऐकलं म्या. तोवर झालं तं राह्यसान का?"

बाई कुबडीकडे बघत होत्या. "मला स्वतःहून बसता आलं, आणि मागे पेशंट ओरडली नाही, तर राहीन," त्या म्हणाल्या.

आणि इथे आमच्या मिस्त्रीने माती खाल्ली. त्याच्या बापाचं एक वाक्य तो येता-जाता सांगायचा, 'लोखंडाले घाई समजत नाई.' पण महिन्याचे दिवस थोडे उरले होते आणि माणूस घाबरला होता. मागच्या उजव्या चाकाचे सगळे पाटे त्याने भट्टीत घातले, लाल केले, चार घावांत बाक उतरवला आणि फाळाला पाणी पाजतात तसे हौदात बुडवले. नांगराच्या फाळाला ते योग्यच, तो कडक व्हायलाच हवा. पाटा कडक झाला की काचेच्या जातीचा होतो. आयुष्यभर फाळ ठोकलेल्या हाताने सवयीने जे केलं ते केलं.

मी आणि तो गाडी काढून निघालो. खडकपूर्णेच्या अलीकडच्या उतारावर बंदुकीसारखा आवाज आला आणि गाडी एका कुशीवर बसली. मिस्त्री उतरला, खाली वाकला. मुख्य पाट्याचे दोन तुकडे. मला वाटलं आता हा शिव्या देईल. त्याने एक तुकडा काढून धोतराने पुसला, तुटलेल्या कडेकडे बघितलं आणि म्हणाला, "मागं बाळंतीन असती तं?"

तेवढंच. मग रस्त्याच्या कडेला बसून राहिला. तो तुकडा त्याने दुकानात कडुनिंबाच्या फांदीला तारेने टांगला, आणि पुढे ज्याने ज्याने विचारलं त्याला सांगितलं, "हा म्या तोडला. घाई केली म्हनून."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एसटी स्टँडवर उभा होतो, तर मेहकरकडून आलेल्या गाडीच्या टपावरून कंडक्टर आणि मिस्त्री भांडत भांडत पाट्यांचा भारा उतरवत होते. अकोल्याच्या भंगार बाजारात दोन दिवस घालून त्याने तशाच जुन्या गाडीचे, तसेच पाटे शोधून आणले होते. कंडक्टर ओरडत होता, "अहो, हे काय मानसाचं सामान हाय का?" मिस्त्री शांतपणे म्हणाला, "मानसाचंच हाय. तुह्या बायकोले बी कामा पडन." कंडक्टरची बायको खरोखरच पोटुशी निघाली आणि त्याने स्वतः भाऱ्याचं एक टोक दुकानापर्यंत वाहून आणलं.

मग मी जे बघितलं, तसं काम पुन्हा बघितलं नाही. भट्टी पेटलीच नाही. बाभळीच्या ओंडक्यात खोबण करून त्यावर एकेक पाटा आडवा ठेवायचा आणि थंड लोखंडावर घणाचे घाव घालायचे, टोकापासून मध्यापर्यंत, बोट-बोट सरकवत. वीस घाव झाले की पाटा उचलून दोऱ्याला लावून बघायचा. बाक केसभर उतरलेला असायचा, किंवा नसायचाही. चार चाकांचे सगळे पाटे. पुढचेही, कारण मागचंच उतरवलं तर नाक वर होतं आणि स्टेअरिंग हातात राहत नाही, हे त्याने मला शेणाच्या गोवरीखाली काडी घालून दाखवलं होतं. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत ठाण ठाण. गावातली माणसं वैतागली. दहाव्या दिवशी आवाज थांबला तेव्हा तीच माणसं "काय झालं हो?" म्हणून चौकशीला आली.

प्रत्येक दोन पाट्यांमध्ये त्याने बैलगाडीच्या आसाला लावतात तसं एरंडेलाचं वंगण भरलं आणि वरून जुन्या मोटेचं कातडं शिवून घेतलं, धूळ जाऊ नये म्हणून. आस वर आपटू नये म्हणून वर रबराचा एक गुटका असतो. गाडी खाली आल्यावर तो अंगावर येणार, म्हणून तो निम्मा कापला. धक्के पिणाऱ्या तेलाच्या डब्यांचे दांडे नव्या उंचीला लावून घेतले. मी म्हटलं, "झालं की मिस्त्री, बघा किती छान उभी आहे."

"रिकामी गाडी खोटं बोलते," तो म्हणाला. "बस तू. सोनाबाईले बोलाव. दोन पोती आन. वजन भरल्यावर काय म्हनते ते आयकू."

आम्ही सगळे बसलो. मिस्त्री खाली शिरला आणि आस व रबर यांच्या मधल्या फटीत त्याने हात घातला. चार बोटं बरोबर शिरली. अंगठा राहिला बाहेर. भरल्या गाडीत एवढी फट राहिली की आस वर आपटत नाही. "चार," तो बाहेर येऊन ओरडला. असा आनंद मी फक्त मुलगा झाल्यावर माणसांच्या तोंडावर पाहिलाय.

बाई आल्या तेव्हा महिन्याचे दोन दिवस उरले होते. त्यांनी पाठ गाडीकडे केली, कुबडी टेकली आणि सीटवर बसल्या. हाताने पाय आत घेतला. दार स्वतः ओढून लावलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कडुनिंबाखाली जमलेले वीस-पंचवीस लोक एकदम बोलायला लागले. मिस्त्री मात्र मागच्या सीटवर जाऊन बसला होता. त्याच्या हातात काठोकाठ ताकाने भरलेला तांब्या.

"चाल कंपोंडर. बिबीपर्यंत. नेहमीसारखी चालव, उगाच लाड नको."

मी चालवली. तेच खड्डे, तोच मुरूम. गाडी दबत होती आणि जागेवर येत होती. वळणाला ती आधी कुशीवर जायची, आता मुकाट वळत होती. माझ्या हातांना ते बिबीच्याही आधी कळलं. आरशात मिस्त्रीचा चेहरा दिसत होता, डोळे मिटलेले, तांब्या पोटाशी. बिबीला थांबलो. बाईंनी मागे वळून बघितलं. त्याच्या धोतरावर ताकाचा एकच डाग होता.

"तो त्या नाल्याजवळचा," मिस्त्री ओशाळून म्हणाला. "तेवढा माफ करा बाई." आणि उरलेलं ताक घटाघटा पिऊन टाकलं.

बाईंनी अकोल्याला 'येत नाही' असं पत्र पाठवलं. पत्र टाकायला मीच गेलो होतो, आणि पेटीत पडल्याचा आवाज ऐकून मगच परत फिरलो.

पण खरा निकाल लागला तो दोन वर्षांनी. सुलतानपूरहून पुन्हा निरोप आला. सखूच. दुसरी खेप, बाळ आडवं, यावेळी दुसरबीडलाही होणार नव्हतं, थेट जालन्याला न्यायचं होतं. ती गाडी बघून रडायलाच लागली. "बाई, या मोटारीत नगं." बाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "मी आधी बसते, बघ." आणि त्या बसल्या, एकट्या. ते बघून सखू चढली.

दुसरबीडला मी गाडी मिनिटभर थांबवली, पाणी भरायला. मिस्त्री दुकानातून बाहेर आला, सवयीने उकिडवा बसला आणि पाट्यांकडे बघायला लागला.

"पेशंट कशी हाय?" त्याने हळूच विचारलं. "आवाज नाई येऊन राह्यला."

मी मागे बघितलं. सखूचं डोकं सोनाबाईच्या मांडीवर होतं, तोंड थोडं उघडं. सोनाबाईने तोंडावर बोट ठेवलं.

"झोपली," मी सांगितलं.

"झोपली?"

"बिबीपासून झोपलीय."

"झोपली म्हंतो?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं आणि मग कुणी ऐकू नये म्हणून दुकानात आत जाऊन जोरात नाक शिंकरलं. जालन्याला मुलगी झाली, दोघी सुखरूप. परत येताना मी त्याला सांगायला थांबलो तर त्याला मुलीपेक्षा झोपेचीच जास्त चौकशी. कुठल्या खड्ड्याला हलली, कुठल्या वळणाला कूस बदलली. मला आठवेना, तर माझ्यावरच चिडला.

पुढे माझी बदली झाली आणि मी घाटाखालच्या दवाखान्यात गेलो. बऱ्याच वर्षांनी एका लग्नाला दुसरबीडला आलो, तर मिस्त्रीच्या डोळ्यांत फूल पडून दिसायचं बंद झालेलं, काम जावयाच्या हाती गेलेलं. कडुनिंबाला तो तुटका पाटा अजून टांगलेला, गंजून लाल. मिस्त्री खाटेवर बसला होता. मी नाव सांगितलं, त्याला काही कळलं नाही. मग म्हटलं, "कंपोंडर." तेव्हा त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

तेवढ्यात रस्त्यावर मोटार थांबल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याची मान लगेच वळली. बाई होत्या, केस पांढरे झालेल्या, त्याच गाडीत. मी आल्याचं कळून माझी गाठ घ्यायला आल्या होत्या. बोलणं झालं, दुसऱ्या गावाला जायची घाई होती. त्या गाडीकडे पाठ करून टेकल्या, हाताने पाय आत घेतला, दार ओढून लावलं. ड्रायव्हर कुणीतरी नवीन होता, तो मदतीला पुढे आलाही नाही. बाईंना मदत लागते हे त्याला ठाऊकच नसावं.

"बसल्या का बाई?" मिस्त्रीने मला विचारलं.

"बसल्या."

"एकल्याच?"

"एकट्याच."

तो खाटेवरून उठला, चाचपडत गाडीपाशी गेला आणि मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला. ड्रायव्हर हॉर्न वाजवणार तोच बाईंनी त्याचा हात धरला. मिस्त्रीने बाही वर सारली, हात गाडीखाली घातला आणि आस व रबर यांच्या मधली फट चाचपली. मग त्याने हात बाहेर काढला. वंगणाने काळी झालेली चार बोटं त्याने वर धरली, आम्हा सगळ्यांना दिसतील अशी. अंगठा आत मुडपलेला होता.